सिनेटने टॅरिफ रद्द केल्याच्या बातम्या आल्या, तरी ड्युटी का लागत राहिली?

प्रश्न असा आहे: “आम्ही सोलापुरातून अमेरिकेला टेरी टॉवेल पाठवतो. 2025 पासून दर काही महिन्यांनी बातमी यायची की सिनेटने ट्रम्प यांचे टॅरिफ रद्द केले. फेब्रुवारी 2026 मध्ये तिथल्या हाऊसनेही केले म्हणे. पण आमचा बायर पूर्ण ड्युटी भरतच होता. ठराव मंजूर होऊनही ड्युटी का हटली नाही? पुन्हा अशी बातमी आली तर माल थांबवून ठेवावा का? आणि भरलेले पैसे परत मिळतात का?”

आधी थेट उत्तर देतो. त्यातला एकही ठराव कायदा झाला नाही. अशा बातमीवर माल थांबवू नका. आणि ठरावाने टॅरिफ गेले असते तरी आधी भरलेली ड्युटी त्यातून परत मिळाली नसती. ती वाट सुप्रीम कोर्टाच्या निकालाने उघडली. आता हे असे का, ते जरा सविस्तर, कारण टॅरिफचा विषय संपलेला नाही आणि पुढच्या वेळी हाच घोळ पुन्हा होणार.

अमेरिकेच्या राज्यघटनेने आयातशुल्क बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे सिनेट आणि हाऊस या दोन सभागृहांच्या संसदेला दिला आहे. राष्ट्राध्यक्षाला तो आपसूक मिळत नाही. काँग्रेसनेच वेगवेगळ्या कायद्यांतून तो थोडा थोडा सोपवलेला आहे: 1962 च्या कायद्याचे कलम 232 राष्ट्रीय सुरक्षेसाठी, 1974 च्या कायद्याचे कलम 301 परदेशांच्या अन्याय्य व्यापारपद्धतींसाठी, त्याच कायद्याचे कलम 122 परकीय देण्याघेण्यातल्या तुटीसाठी. या प्रत्येकाला चौकशी, मुदत किंवा दराची मर्यादा असा काही ना काही लगाम आहे. 2025 मध्ये ट्रम्प प्रशासनाने हे सगळे बाजूला ठेवून 1977 चा इंटरनॅशनल इमर्जन्सी इकॉनॉमिक पॉवर्स ॲक्ट हाती घेतला. अमेरिकेतले लोक त्याला ‘आयीपा’ म्हणतात, इथेही तसेच म्हणू. 1979 च्या इराण ओलीस प्रकरणापासून तो आर्थिक निर्बंधांसाठी वापरला जात होता. टॅरिफसाठी तो त्याआधी कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने वापरला नव्हता. त्यात टॅरिफचा उल्लेखही नाही, फक्त आयातीचे ‘नियमन’ करायचा अधिकार आहे. पण चौकशी नको, सुनावणी नको, दराला कमाल मर्यादा नाही. 1976 च्या नॅशनल इमर्जन्सीज ॲक्टखाली आणीबाणी जाहीर केली की काम झाले.

म्हणजे तुमच्या टॉवेलवर लागलेल्या ड्युटीखाली तीन थर होते. सगळ्यात खाली आणीबाणीची घोषणा, तिच्यावर कार्यकारी आदेश आणि त्या आदेशाने अमेरिकेच्या टॅरिफ तालिकेतल्या चॅप्टर 99 मध्ये टाकलेली ओळ. काँग्रेसचा ठराव यातल्या फक्त तळाच्या थरावर चालतो. कॅनडाविषयीच्या ठरावाचा मजकूर काढून पाहिला तर त्यात टॅरिफचे नावसुद्धा दिसत नाही. एकच वाक्य आहे: नॅशनल इमर्जन्सीज ॲक्टच्या कलम 202 नुसार, 1 फेब्रुवारी 2025 रोजी कार्यकारी आदेश 14193 ने जाहीर केलेली राष्ट्रीय आणीबाणी समाप्त करण्यात येत आहे. टॅरिफ कोसळणार ते खालचा थर काढून घेतल्यामुळे.

असा आडवळणाचा मार्ग का घ्यायचा? कारण या एकाच ठरावाला कायद्याने मतदानाचा हक्क दिला आहे. एरवी अमेरिकेत विधेयक मांडणे सोपे आणि सभागृहापुढे आणणे महाकठीण; समितीत पडून राहिले तर कोणी विचारत नाही. कलम 202 म्हणते, समितीने 15 दिवसांत ठराव सभागृहाकडे पाठवायचा आणि पुढच्या 3 दिवसांत मतदान घ्यायचे. एका सभागृहाने मंजूर केला की दुसऱ्यातही तेच 15 आणि 3 दिवस. सिनेटमध्ये समिती अडून बसली तर साध्या बहुमताने ठराव तिच्याकडून काढून घेता येतो, एरवी लागणारी 60 मतांची अट इथे आड येत नाही. म्हणूनच अल्पमतातल्या डेमोक्रॅट सिनेटरांना, बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्यांची इच्छा नसताना, पुन्हा पुन्हा मतदान घडवून आणता आले. शिवाय दर सहा महिन्यांनी विषय नव्याने आणता येतो. कॅनडाचे पहिले मतदान एप्रिलमध्ये आणि दुसरे ऑक्टोबरमध्ये झाले, ते यामुळेच.

या कायद्यात सुरुवातीला आणखी एक हत्यार होते. 1976 च्या मूळ मजकुराप्रमाणे दोन्ही सभागृहांनी मिळून केलेला ठराव राष्ट्राध्यक्षाच्या सहीविना लागू व्हायचा. 1983 मध्ये सुप्रीम कोर्टाने चढ्ढा खटल्यात सांगितले की सहीसाठी न पाठवलेल्या ठरावाला कायद्याचे बळ देणे घटनाबाह्य आहे. त्यामुळे 1985 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि त्या ठरावाची जागा संयुक्त ठरावाने घेतली. संयुक्त ठराव राष्ट्राध्यक्षाकडे जातो आणि त्याला व्हेटो, म्हणजे राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार, लागू होतो. ज्याने आणीबाणी जाहीर केली त्याच्याच सहीने ती संपवायची, अशी ही रचना होऊन बसली. आजच्या सगळ्या अडचणीचे मूळ 1985 च्या या दुरुस्तीत आहे, 2025 मध्ये नाही, हे माझे ठाम मत.

आता प्रत्यक्ष मतदाने पाहू. 2 एप्रिल 2025 ला, म्हणजे ज्या दिवशी ट्रम्प यांनी जगभरासाठी टॅरिफ जाहीर केले त्याच दिवशी, सिनेटने डेमोक्रॅट सिनेटर टिम केन यांचा कॅनडाविषयीचा ठराव 51 विरुद्ध 48 ने मंजूर केला. चार रिपब्लिकन सोबत आले: रँड पॉल, सुसान कॉलिन्स, लिसा मर्कोव्स्की आणि मिच मॅकॉनेल. 30 एप्रिलला जागतिक टॅरिफविरोधी ठराव 49-49 वर अडकला आणि समसमान मते म्हणजे पराभव. त्या दिवशी मॅकॉनेल आणि डेमोक्रॅट शेल्डन व्हाइटहाऊस गैरहजर होते. दोघे हजर असते तर निकाल बहुधा फिरला असता, पण पुढे दिसेल त्याप्रमाणे त्याने फरक काहीच पडला नसता. ऑक्टोबरच्या शेवटी सलग तीन दिवस तीन ठराव मंजूर झाले: 28 तारखेला ब्राझील 52-48, 29 ला कॅनडा 50-46, 30 ला जागतिक टॅरिफ 51-47. तुम्ही वाचलेल्या बातम्या बहुतेक याच आठवड्यातल्या.

हे ठराव मग हाऊसकडे गेले आणि तिथे घड्याळ बंद पडलेले होते. हा भाग तपशिलाने सांगण्यासारखा आहे, कारण बातम्यांत तो एका ओळीत उरकला जातो. कलम 202 मधले 15 दिवस हे कॅलेंडरचे दिवस आहेत. मार्च 2025 मध्ये सरकारी खर्चाच्या विधेयकावर चर्चा कशी करायची याचा कार्यपद्धती ठराव हाऊससमोर आला. त्याच्या पोटात एक वाक्य होते: 1 फेब्रुवारीच्या आणीबाणीबाबतच्या ठरावांसाठी, या अधिवेशनाचे उरलेले दिवस कॅलेंडरचे दिवस म्हणून मोजायचे नाहीत. झाले. सूर्य उगवत होता, मावळत होता, पण हाऊसच्या लेखी दिवस सरत नव्हता. 15 दिवसच भरले नाहीत तर मतदानाची सक्ती कुठून येणार? एप्रिलमध्ये अर्थसंकल्पाच्या कार्यपद्धती ठरावात 2 एप्रिलच्या आणीबाणीसाठी हीच क्लृप्ती सप्टेंबरअखेरपर्यंत लावली गेली. सप्टेंबरमध्ये मुदत 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढली, तीही 213 विरुद्ध 211 अशा निसटत्या मतांनी. घटनेने प्रत्येक सभागृहाला आपले कामकाजाचे नियम स्वतः ठरवायचा अधिकार दिला आहे, त्यामुळे याला कोर्टात आव्हान देऊन फारसे काही हाती लागत नाही.

10 फेब्रुवारी 2026 ला ही मुदत जुलैअखेरपर्यंत न्यायचा प्रयत्न 214 विरुद्ध 217 ने फसला. थॉमस मॅसी, डॉन बेकन आणि केव्हिन काइली या तीन रिपब्लिकनांनी नेतृत्वाविरुद्ध मत दिले. दुसऱ्याच दिवशी, 11 तारखेला, कॅनडाचा ठराव हाऊसमध्ये 219-211 ने मंजूर झाला. सगळ्या मतदानांत मला 10 तारखेचे जास्त मोलाचे वाटते. टॅरिफविरोधात मत द्यायला बरेच जण तोंडी तयार असतात. स्वतःच्या पक्षाचा कार्यपद्धती ठराव पाडायला मात्र हिंमत लागते.

मग दोन्ही सभागृहांनी कॅनडाची आणीबाणी संपवली की नाही? बातम्यांवरून तसे वाटले खरे. पण सिनेटने मंजूर केलेला कागद वेगळा आणि हाऊसने मंजूर केलेला वेगळा. अमेरिकेत एकाच क्रमांकाचा, एकाच मजकुराचा ठराव दोन्हीकडून मंजूर होऊन बाहेर पडावा लागतो, तेव्हाच तो राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर जातो. सिनेटचा ठराव हाऊसमध्ये अडकलेला आणि हाऊसचा सिनेटमध्ये, असे दोन अर्धे मिळून एक पूर्ण होत नाही.

आणि टेबलावर गेला असता तर व्हेटो ठरलेला होता. तो मोडायला दोन्ही सभागृहांत मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. सिनेटमध्ये सगळे हजर असतील तर 67. ऑक्टोबरमधली सर्वांत मोठी संख्या 52 होती. हाऊसमध्ये 11 फेब्रुवारीइतकेच 430 जण मत देतील तर 287 लागतात, मिळाली होती 219. अडुसष्ट मतांची तूट.

पूर्वानुभवही हेच सांगतो. 2019 मध्ये मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी जाहीर केलेली आणीबाणी संपवायचा ठराव दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, सिनेटमध्ये तर 59-41 ने. ट्रम्प यांनी दुसऱ्याच दिवशी व्हेटो केला आणि हाऊसमध्ये तो मोडायचा प्रयत्न 248-181 वर अडला. त्याच वर्षी सहा महिन्यांनी पुन्हा ठराव मंजूर झाला, पुन्हा व्हेटो आला आणि तोही मोडता आला नाही. उलट एप्रिल 2023 मध्ये कोविडची राष्ट्रीय आणीबाणी संयुक्त ठरावाने संपली, कारण बायडेन यांनी त्यावर सही केली. राष्ट्राध्यक्ष राजी असेल तर हा मार्ग चालतो.

आयातीवरच्या आकारणीबाबत व्हेटो मोडल्याचे एक उदाहरण मात्र आहे. 1980 मध्ये कार्टर यांनी आयात खनिज तेलावर बॅरलमागे 4.62 डॉलर आकार बसवला, कलम 232 खाली. काँग्रेसने तो रद्द करायची तरतूद सरकारी कर्जमर्यादा वाढवायच्या विधेयकाला जोडली, म्हणजे ज्याच्यावाचून सरकारचे अडते अशा कागदाला. कार्टर यांनी व्हेटो केला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हाऊसने 335-34, सिनेटने 68-10 ने तो मोडला. काँग्रेसमध्ये बहुमत त्यांच्याच पक्षाचे होते. पेट्रोल महागणार हे प्रत्येक मतदाराला कळत होते, म्हणून हे जमले. टॉवेल महागल्याने असे वादळ उठत नाही.

भारताच्या बाबतीत गुंता आणखी एक होता. तुमच्या टॉवेलवर 7 ऑगस्ट 2025 पासून 25 टक्के लागले ते 2 एप्रिलच्या व्यापारतुटीच्या आणीबाणीतून. 27 ऑगस्टपासून रशियन तेलाच्या नावाखाली आणखी 25 टक्के आले, ते 6 ऑगस्टच्या कार्यकारी आदेश 14329 ने. या दुसऱ्या आदेशासाठी नवी आणीबाणी काढलेली नव्हती. 2021 पासून चालू असलेल्या आणि 2022 मध्ये वाढवलेल्या रशियाविषयक आणीबाणीवरच तो उभा होता. आता विचार करा: कलम 202 खाली ही आख्खी आणीबाणी संपवली तर भारतावरच्या टॅरिफबरोबर रशियावरच्या निर्बंधांचा पायाही जातो. त्याला हो म्हणणारा सिनेटर शोधून सापडणार नाही. फक्त टॅरिफवर नेम धरायचा तर साधे विधेयक आणावे लागते आणि साध्या विधेयकाला 15 दिवसांचा हक्क नाही. डिसेंबर 2025 मध्ये डेबोरा रॉस, मार्क व्हीसी आणि राजा कृष्णमूर्ती या तीन डेमोक्रॅट सदस्यांनी भारतावरचे हे जादा टॅरिफ हटवायचा ठराव हाऊसमध्ये मांडला, तेव्हा आपल्याकडे त्याची मोठी बातमी झाली. अल्पमतातल्या पक्षाचा आणि रशियाशी जोडलेला ठराव. त्याच्या भरवशावर ऑर्डर बुक करण्यात अर्थ नव्हता. ते 25 टक्के शेवटी 7 फेब्रुवारी 2026 पासून हटले, ते भारताशी समझोता झाल्यावर ट्रम्प यांच्याच आदेशाने.

मग 20 फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने लर्निंग रिसोर्सेस खटल्यात 6-3 ने निकाल दिला की आयीपा टॅरिफ बसवायचा अधिकार देत नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तो लिहिला. काँग्रेसला वर्षभरात जे जमले नाही ते एका दिवसात झाले. 24 फेब्रुवारीपासून प्रशासनाने कलम 122 खाली 10 टक्के अधिभार सुरू केला.

इथे एक फरक लक्षात घ्या. आणीबाणीच्या कायद्यात काँग्रेस गप्प बसली तर टॅरिफ चालू राहत होते. राष्ट्राध्यक्षाने वर्षातून एकदा मुदतवाढीची सूचना काढली की पुरे. कलम 122 मध्ये उलट आहे: दर जास्तीत जास्त 15 टक्के, मुदत 150 दिवस आणि वाढवायची तर काँग्रेसने कायदा करावा लागतो. 24 फेब्रुवारीपासून मोजले तर 23 जुलै 2026 ला 150 दिवस भरतात. म्हणजे गप्प बसले की टॅरिफ संपते. मुदत संपल्यावर तीच तूट दाखवून नवा आदेश काढता येतो का, यावर तिथल्या वकिलांत दुमत आहे. हे कलम आले तेही अशाच प्रसंगातून: 1971 मध्ये निक्सन यांनी आयातीवर 10 टक्के अधिभार लावला, तो चार महिन्यांनी काढला आणि 1974 मध्ये काँग्रेसने पुढच्यासाठी अशी चौकट आखून दिली.

एप्रिल 2025 मध्ये सिनेटर मारिया कँटवेल आणि आयोवाचे रिपब्लिकन चक ग्रासली यांनी मांडलेले ट्रेड रिव्ह्यू विधेयक हाच उलटा नियम सगळीकडे लावू पाहत होते. नवे टॅरिफ लावले की 48 तासांत काँग्रेसला कळवायचे, 60 दिवसांत दोन्ही सभागृहांनी मान्यता दिली नाही तर ते आपोआप संपते. कलम 202 च्या ठरावांपेक्षा हा विचार कितीतरी पक्का आहे, कारण यात व्हेटोचा प्रश्नच उद्भवत नाही. मते गोळा करायची जबाबदारी टॅरिफ लावणाऱ्यावर येते. अडचण इतकीच की हे विधेयक स्वतः कायदा व्हायला 60 सिनेटर, हाऊसच्या नेत्यांची मर्जी आणि राष्ट्राध्यक्षाची सही हे सगळे लागते. व्हाइट हाऊसने व्हेटोचा इशारा लगेच दिला होता. आपल्याकडे कस्टम्स टॅरिफ ॲक्टच्या कलम 8ए मध्ये असाच तातडीचा अधिकार आहे. पुलवामानंतर फेब्रुवारी 2019 मध्ये पाकिस्तानी मालावर 200 टक्के ड्युटी त्यातूनच लागली. तिथेही अधिसूचना संसदेपुढे ठेवून मंजुरी मागावी लागते. पण आपल्याकडे सरकार बहुमतातूनच बनते, त्यामुळे तो तिढा सहसा पडत नाही.

आता पैशांकडे येऊ. उदाहरण तुमच्याच मालाचे घेतो. टेरी टॉवेल टॅरिफ तालिकेतल्या 6302.60 या क्रमांकात येतो, मूळ ड्युटी 9.1 टक्के. अमेरिकी कस्टम्स एफओबी, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीवर ड्युटी घेते, आपल्यासारखी सीआयएफवर, म्हणजे विमा आणि जहाजभाडे धरून नाही. 10,000 डॉलरच्या इनव्हॉइसवर सप्टेंबर 2025 नंतर असे लागत होते: मूळ 910 डॉलर, 9903.02.26 या ओळीखाली 2,500, 9903.01.84 खाली आणखी 2,500. एकूण 5,910. बायरच्या ब्रोकरने भरलेल्या एंट्री समरीत या तीन ओळी स्वतंत्र दिसतात. आयीपाचे पैसे म्हणजे चॅप्टर 99 मधल्या त्या दोन ओळी. 910 डॉलर परत मिळण्याचा प्रश्न नाही.

काँग्रेसच्या ठरावाने आणीबाणी संपली असती तर ते 5,000 डॉलर गेलेच म्हणून समजा. नॅशनल इमर्जन्सीज ॲक्टमध्येच लिहिले आहे की आणीबाणी संपली तरी त्याआधी केलेल्या कृती, चालू कार्यवाही आणि आधीच निर्माण झालेली देणी यांना धक्का लागत नाही. म्हणजे फायदा फक्त पुढच्या मालाला. कोर्टाने मात्र अधिकारच नव्हता असे म्हटले, म्हणून मागचे पैसे मागता आले. सुप्रीम कोर्टाने परताव्याची पद्धत निकालात सांगितली नाही. ते काम न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाकडे आणि कस्टम्सकडे आले.

परतावा मिळतो तो ‘इंपोर्टर ऑफ रेकॉर्ड’ला, म्हणजे कस्टम्सच्या नोंदीतल्या आयातदाराला. एफओबीवर विकत असाल तर तो तुमचा बायर. तुम्ही टॅरिफपोटी 10-12 टक्के सूट दिली असेल तरी अमेरिकी कस्टम्सच्या लेखी तुम्ही कोणीच नाही. तुमचा हक्क फक्त बायरशी झालेल्या लेखी करारातून येतो. म्हणून सूट देताना ईमेलमध्ये किंवा क्रेडिट नोटवर एवढे तरी लिहून घ्या की ही सूट अमुक टॅरिफमुळे आहे आणि त्या टॅरिफचा परतावा मिळाल्यास अमुक प्रमाणात आमच्याकडे वळवावा. नुसते ‘स्पेशल डिस्काउंट’ लिहिलेली क्रेडिट नोट पुढे काही कामाची नाही. बायरने वाटा पाठवला तर तो कोणत्या इनव्हॉइसपोटी आला हे तुमच्या एडी बँकेला, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या बँकेला, दाखवावे लागेल, तेव्हा शिपिंग बिलाचे क्रमांक जपून ठेवा.

डीडीपीवर, म्हणजे ड्युटी स्वतः भरून माल पोचवण्याच्या अटीवर, विकून स्वतःच इंपोर्टर ऑफ रेकॉर्ड झाला असाल तर दावा तुमचा. अशा वेळी अडते ते दोन ठिकाणी. पहिले, मुदत. एंट्री साधारण 314 दिवसांनी ‘लिक्विडेट’ होते, म्हणजे हिशेब पक्का होतो, आणि त्यानंतर 180 दिवसांत प्रोटेस्ट, म्हणजे हरकतीचा अर्ज, दाखल करता येतो. एंट्रीनिहाय तारखांचा तक्ता ब्रोकरकडून आजच मागवा. दुसरे, बँक खाते. 6 फेब्रुवारी 2026 पासून अमेरिकी कस्टम्स परतावे इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच देते. त्यासाठी कस्टम्सच्या एसीई या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी आणि अमेरिकेतले खाते लागते. सोलापूरच्या बँकेत तो परतावा थेट येणार नाही.

टॅरिफ उठण्याच्या आशेने माल थांबवायचा की नाही, याचे उत्तर माल कुठे आहे त्यावर ठरते. दर ठरतो तो माल ‘उपभोगासाठी’ एंटर होण्याच्या तारखेला, जहाज निघण्याच्या तारखेला नाही. प्रवासातल्या मालाला सवलत असली तर ती आदेशात स्पष्ट लिहिलेली असते. 27 ऑगस्टच्या टॅरिफमध्ये तशी होती: त्याआधी जहाजावर चढलेला आणि 17 सप्टेंबरपूर्वी एंटर झालेला माल सुटला. बायरकडे बॉण्डेड वेअरहाऊस, म्हणजे ड्युटी न भरता माल ठेवायचे गोदाम, असेल तर माल तिथे ठेवता येतो आणि काढायच्या दिवशीचा दर लागतो. टॅरिफ घटण्याची आशा असेल तेव्हा हाच मार्ग बरा, फक्त भाडे आणि हंगाम यांचा हिशेब करा. ख्रिसमससाठीचा टॉवेल जानेवारीत कोणी घेत नाही. फॉरेन ट्रेड झोनबाबत मात्र जपून. आयीपाच्या मालाला तिथे ‘प्रिव्हिलेज्ड फॉरेन’ दर्जा घ्यावा लागत होता आणि त्यात माल झोनमध्ये शिरला त्या दिवसाचा दर कायम होतो. पुढे टॅरिफ उठले तरी तो माल जुन्याच दरात अडकतो.

पुण्या-कोल्हापूरच्या ऑटो पार्ट्स आणि पोलाद-ॲल्युमिनियमवाल्यांनी या सगळ्यातून फारसे काही अपेक्षू नये. त्यांच्या बऱ्याच मालावरचे टॅरिफ कलम 232 चे आहे. त्याला आणीबाणीचा ठराव लागू नाही, सुप्रीम कोर्टाचा निकालही नाही. तेल वगळता 232 साठी काँग्रेसला असा खास ठराव आणायची सोयच कायद्यात ठेवलेली नाही.

पुढची बातमी आली की काँग्रेसच्या संकेतस्थळावर ठरावाचा क्रमांक टाका. ‘एस. रेस.’ किंवा ‘कॉन. रेस.’ असेल तर सोडून द्या, त्याला कायद्याचे बळ नाही. ‘एस. जे. रेस.’ किंवा ‘एच. जे. रेस.’ असेल तर तो दुसऱ्या सभागृहाने त्याच क्रमांकाने मंजूर केला का पाहा, नंतर ‘बिकेम लॉ’ ही नोंद शोधा. तीही दिसली तरी ब्रोकर जुनाच दर भरत राहील, जोवर कस्टम्सचा सीएसएमएस संदेश कोणती 9903 ची ओळ कोणत्या दिवशी रात्री 12 वाजून 1 मिनिटाने बंद होते हे सांगत नाही. तो संदेश ब्रोकरकडे ईमेलने येतो. बायरला सांगून त्याची प्रत तुमच्याकडेही येईल अशी व्यवस्था करून ठेवा.